अमूर्ताचं वावडं

ज्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, मोर नाही, त्याला मराठीत अमूर्त चित्र म्हणतात. हा शब्द उच्चारताना गॅलरीवाल्यांना वाटतं, आपण काहीतरी फार आधुनिक बोललो. आणि आपल्या समाजातल्या मंडळींना वाटतं, हे कुठलं तरी विलायती खूळ आहे. दोघांनाही माझं एकच सांगणं आहे. हा शब्द आपल्या पाठशाळेतला आहे. द्रव्यसंग्रह शिकलेलं दहा वर्षांचं लेकरूसुद्धा धडाधड म्हणून दाखवेल: द्रव्यं सहा. जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश, काल. त्यातलं मूर्त एकच, पुद्गल. कारण स्पर्श, रस, गंध, वर्ण फक्त त्याला आहेत. बाकीची पाच अमूर्त. म्हणजे सहातली पाच द्रव्यं डोळ्यांना दिसत नाहीत असं मानणारा आपला धर्म, आणि तो पाळणाऱ्या आपल्या माणसांना भिंतीवर एक अमूर्त चित्र सहन होत नाही. माझं भांडण याच्याशी आहे.

निमित्त काय झालं, ते सांगते. आमच्या हिमायतनगरात समाजाच्या एका सभागृहाची डागडुजी झाली. नवी फरशी आली, एसी आले, खुर्च्यांना पांढरे अभ्रे आले. समोरची मोठी भिंत तेवढी रिकामी राहिली. आमच्यातलीच एक सून, मराठवाड्यातून लग्न होऊन आलेली, फाइन आर्ट्सची पदवी घेतलेली. तिनं त्या भिंतीसाठी एक चित्र करून दिलं. कागदावर जलरंग आणि काळी शाई. वर करड्या रंगाचा पातळ हात, इतका पातळ की कागदाचा दाणा दिसावा. मध्ये एक उजेडाचा पट्टा, म्हणजे तिथं तिनं कागद तसाच कोरा सोडलेला. आणि खाली शाईच्या काही खुणा, थोड्या ओल्या कागदावर फुटलेल्या, थोड्या कोरड्यावर ठाम. नाव काही दिलं नव्हतं. पैसेही मागितले नव्हते.

चित्र आठ दिवस ऑफिसात भिंतीला टेकवून ठेवलं होतं. येणारे-जाणारे मत देत होते. "यात आहे काय?" "कागद धुवायला घेतला होता का?" "माझा नातू याहून चांगलं काढतो." "वास्तूला बरं नाही असलं काळं-काळं." एक जण म्हणाले, "वहिनी, उलटं धरलंय का हो?" आणि सगळे हसले. नवव्या दिवशी ते ज्या चादरीत गुंडाळून आलं होतं त्याच चादरीत परत गेलं. आता त्या भिंतीवर सम्मेदशिखरजींचा एक फ्लेक्स आहे, मागून दिवे लावलेला. त्यात टोकांवरून एक धबधबा पडतो, तो शिखरजीवर कुठं आहे ते मला अजून सापडायचं आहे. खाली देणगीदारांची नावं आहेत. ती मात्र अगदी मूर्त.

कमिटी कोणती आणि माणसं कोण, हे मी लिहिणार नाही. लिहायची गरजही नाही. हे वाक्य न् वाक्य सोलापूरला, सांगलीला, लातूरला, इंदूरला असंच ऐकायला मिळेल. शिवाय चित्र नाकारण्याचा हक्क कमिटीला आहेच. भिंत त्यांच्या ताब्यात आहे. माझा राग नकारावर नाही. तो त्या हसण्यावर आहे, आणि त्या हसण्यानंतर जे झालं त्यावर. त्या मुलीनं ब्रश, रंग, कागदाचा गठ्ठा सगळं माळ्यावर टाकलं. मी विचारलं तर म्हणाली, "राहू द्या काकू, घरात उगाच विषय नको." पंचविशीतली शिकलेली बाई आपल्या हातातलं काम माळ्यावर टाकते, आणि आपण दर रविवारी प्रवचनात टाळ्या वाजवतो की आपल्या धर्मात स्त्रीला केवढं स्थान! म्हणून एकेका आक्षेपाला उत्तर द्यायचं ठरवलं आहे.

पहिला आक्षेप: यात आहे काय?

बायांनो, आपल्या दिगंबर मंदिरात सिद्धप्रतिमा पाहिली आहे ना? पाहिली नसेल तर पुढच्या वेळी वेदीवर नीट बघा. अरिहंतांची मूर्ती धातूची किंवा पाषाणाची, भरीव असते. सिद्धांची प्रतिमा मात्र पितळी पत्र्यातून कापून काढलेली असते. कायोत्सर्गात उभी आकृती, पण आकृतीच्या जागी धातू नाही, पोकळी आहे. भोवती पत्रा, मध्ये रिकामी जागा. आपण तिच्यावर डोळे लावतो तेव्हा आपल्याला पलीकडची भिंत दिसते, पलीकडचा दिवा दिसतो. असं का केलं असेल त्या कारागिरानं? त्याच्यापुढं अडचण होती. सिद्धांना देह नाही, वर्ण नाही, गंध नाही. पण शास्त्र म्हणतं की आकार आहे, शेवटच्या देहाहून किंचित कमी. आता आकार आहे आणि पुद्गल नाही, हे पितळेत कसं दाखवायचं? तर पितळ काढून टाकून. अशी १३३३ सालची एक सिद्धप्रतिमा आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. म्हणजे ही युक्ती आपल्याकडं निदान जवळजवळ सातशे वर्षांची जुनी आहे. युरोपातल्या चित्रकारांनी अमूर्त चित्रं काढायला सुरुवात केली ती विसाव्या शतकात.

मग सांगा, त्या प्रतिमेसमोर उभं राहून कुणी कधी म्हणतं का, "यात आहे काय? भोक तर आहे!" नाही म्हणत. कारण लहानपणापासून कुणीतरी आपल्याला ते कसं बघायचं ते शिकवलं. चित्राचं तसं कुणी शिकवलं नाही, एवढाच फरक.

भरीव मूर्तींचंही तेच. चोवीस तीर्थंकरांच्या प्रतिमा ओळीनं मांडा. पार्श्वनाथांचा फणा, आदिनाथांच्या खांद्यावरच्या जटा अशा काही खुणा सोडल्या तर चेहरा एक, बसणं एक, नजर एक. खालचं लांछन बघितल्याशिवाय कोण कोणते ते सांगता येत नाही. घडवणाऱ्याला नाक-डोळे वेगळे घडवता येत नव्हते, असं नाही. त्यानं ठरवून वगळले. राग नाही, लोभ नाही, मग चेहऱ्यावर वेगळेपण तरी कशाचं दाखवायचं? वगळत वगळत जाण्याची कला आपल्याला नवी नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

इथं एखादे पंडितजी मला अडवतील, आणि त्यांनी अडवावंच. ते म्हणतील, "ताई, शाईला वर्ण आहे, कागदाला स्पर्श आहे. हे पुद्गलच. शास्त्रानं बघितलं तर कोणतंही चित्र अमूर्त असूच शकत नाही." अगदी बरोबर. सिद्धप्रतिमेतलं पितळही पुद्गलच आहे. म्हणूनच मी असं म्हणत नाही की त्या मुलीच्या कागदावर आत्मा उतरला होता. उलट, असल्या चित्रांची बाजू घ्यायची म्हणून जे लगेच "हा प्रकाश म्हणजे केवलज्ञान, हा काळा भाग म्हणजे कर्मरज" असं लेबल चिकटवतात, त्यांच्यावरही माझा राग आहे. त्यांनाही रिकामी जागा सोसत नाही. ते फक्त धबधब्याऐवजी तत्त्वज्ञानाचं वॉलपेपर लावतात. आपल्या सप्तभंगीत एक भंग अवक्तव्य आहे, सांगता न येणारा. आपल्या आचार्यांनी "सांगता येत नाही" या उत्तराला तर्कात मानाची जागा दिली. आपल्याला मात्र एका चित्रापुढं दोन मिनिटं तसं गप्प बसवत नाही.

दुसरा आक्षेप: हे तर कुणीही काढेल.

काढून बघा. मी हे चेष्टेनं म्हणत नाही. खरंच एक जाड कागद आणा, ओला करा आणि त्यावर शाईचा एक थेंब सोडा. कागद जास्त ओला असेल तर थेंब पसरून त्याचा डाग होईल. वाळत आला असेल तर कडेला फुलकोबीसारखी घाण वळ येते. मधली एक वेळ असते, कागदावरची चमक नुकतीच जायला लागलेली, तेव्हाच शाई हवी तितकी फुटते आणि हवी तिथं थांबते. ती वेळ घड्याळात दिसत नाही. ती आपल्याला स्वयंपाकघरातून चांगली ठाऊक आहे. एकतारी पाकाचा दोनतारी कधी होतो, कुरडयांचा चीक कधी गॅसवरून उतरवायचा, हे कुणी मिनिटं मोजून करतं का? आणि तेलरंगात चुकलं तर खरवडता येतं, वर दुसरा रंग देता येतो. जलरंगात आणि शाईत पडलं ते पडलं. पांढरा उजेड हवा असेल तर तो आधीच ठरवून सोडावा लागतो. नंतर पांढरा रंग लावून तसा उजेड येत नाही. त्या मुलीच्या चित्रातला मधला पट्टा म्हणजे "काही न काढलेली जागा" नव्हती. ती शेवटपर्यंत राखलेली जागा होती. उपासाच्या दिवशी ताट समोर असून हात न लावणं जसं काहीच न करणं नसतं, तसं.

याच मार्गानं आयुष्यभर गेलेला एक मराठी माणूस होता, वासुदेव गायतोंडे. १९२४ साली नागपुरात जन्म, घराणं गोव्याचं, वाढले मुंबईत गिरगावच्या चाळीत. १९४८ मध्ये जे. जे. स्कूलची पदविका घेतली. १९५०च्या दशकात त्यांनी कागदावर जलरंग आणि शाईत पुष्कळ काम केलं. तेव्हा त्यांच्यावर पॉल क्ले या चित्रकाराची छाप होती, आणि आपल्या जुन्या लघुचित्रांचाही अभ्यास त्यांनी केलेला होता. हळूहळू चित्रांतली माणसं गेली, वस्तू गेल्या, राहिला रंग आणि उजेड. आपल्या चित्रांना अॅबस्ट्रॅक्ट म्हटलेलं त्यांना आवडत नसे. नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणा, म्हणायचे. चित्रांना बहुधा नावं देत नसत. आणि "कुणीही काढेल" म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते, हा माणूस वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे करायचा. बाकीचा वेळ बघण्यात आणि विचारात जायचा. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला. मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहणं काही वर्षं जमेना. तेव्हा त्यांनी काय केलं? लहान कागद घेतले आणि काळी शाई घेतली. त्या खुणा अक्षरांसारख्या दिसतात, पण कोणत्याच लिपीतल्या नाहीत. वाचायला जावं तर वाचता येत नाहीत, आणि नजर तर हलत नाही. शरीरानं साथ सोडल्यावर माणूस आपलं काम कागदाएवढं लहान करतो पण सोडत नाही, हे आपल्या घरातल्या आजारी बायकांना वेगळं समजवायला नको.

गायतोंडे जैन नव्हते. झेन विचारांचा, रमण महर्षींचा, निसर्गदत्त महाराजांचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्यांना ओढून आपल्यात आणायची मला हौस नाही. मला एवढंच विचारायचं आहे की, आपल्या शब्दातल्या अमूर्ताच्या इतक्या जवळ एक मराठी माणूस कागद आणि शाई घेऊन बसला होता, आणि आपल्या किती घरांत त्याचं नाव माहीत आहे?

तिसरा आक्षेप: हे श्रीमंतांचे खेळ आहेत.

इथं मात्र आपली मंडळी अगदी वेगळीच पलटी मारतात. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या कंपनीचा भारतातला पहिला लिलाव मुंबईत झाला. त्यात गायतोंड्यांचं १९७९ सालचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. २०१५ मध्ये दुसरं २९ कोटींच्या वर गेलं. हे आकडे मी आमच्याकडं एका जेवणावळीत सांगितले. "नातू काढेल" म्हणणारे तेच काका ताटावरून मान वर करून म्हणाले, "असं होय? मग काहीतरी असेल बुवा त्यात." बघा! चित्र तेच, डोळे तेच. आकडा कानावर पडला आणि दर्शन झालं. आपण व्यापारी माणसं आहोत, किमतीला मान देणं रक्तात आहे, त्याची मला लाज नाही. पण किमतीशिवाय काही दिसतच नसेल तर तो डोळ्यांचा आजार आहे.

आणि दुसरी एक जात आहे, तिच्यावरही बोललं पाहिजे. बंजारा हिल्सच्या फ्लॅटमध्ये इंटिरियर डेकोरेटर येतो, सोफ्याचा कपडा हातात धरतो आणि म्हणतो, इथं चार बाय सहाचं एक अॅबस्ट्रॅक्ट हवं, टील आणि गोल्डमध्ये. मग ते येतं. घरातलं कुणी त्याच्याकडं बघत नाही. पाहुणे विचारतात, "केवढ्याला?" हे चित्र बघणं नव्हे, हा परिग्रह आहे. फ्लेक्सवाल्यांनी निदान शिखरजी तरी लावलं, त्यांना त्यात देव दिसतो. यांना त्यात सोफा दिसतो.

ज्या माणसाची चित्रं कोटींना जातात तो स्वतः कसा राहिला? १९७२ नंतर दिल्लीत निजामुद्दीनला एका छोट्या खोलीत, मोजक्या सामानात. २००१ साली गेला. २३ कोटींचा आकडा तो गेल्यावर बारा वर्षांनी आला. तो आकडा विकत घेणाऱ्याचा आहे, काढणाऱ्याचा नाही. श्रीमंतांनी खेळ केला म्हणून खेळणं वाईट ठरत नाही. हिरे श्रीमंत घालतात म्हणून आपण हिऱ्याचे पैलू पाडणाऱ्याच्या हाताला नावं ठेवतो का?

हिमायतनगरातच गगनमहाल रस्त्यावर याचं दुसरं उत्तर आहे, आणि आपल्यातल्या किती जणी तिथं गेल्या असतील, शंका आहे. जगदीश आणि कमला मित्तल या जोडप्यानं जमवलेला भारतीय कलेचा संग्रह तिथं आहे. दोघंही शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार. लघुचित्रं, कापड, धातूकाम, लोककला असं काय काय त्यांनी नजरेच्या जोरावर गोळा केलं, आणि १९७६ मध्ये ते सगळं विश्वस्त संस्थेच्या हाती दिलं. जमवलं आणि देऊन टाकलं. याला आपल्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हीच सांगा. आपण मात्र त्याच रस्त्यानं साडी फॉल लावायला जातो आणि परत येतो.

आता चौथा आक्षेप. हा तोंडावर कुणी बोललं नाही, पण मला तोच खरा वाटतो. घरच्या सुनेनं हे कशाला करायचं?

सुनेनं रांगोळी काढली तर चालते. मेंदी काढली तर कौतुक होतं. फळ्यावर "जय जिनेंद्र" सुंदर अक्षरात लिहिलं तर मोबाइलवर फोटो फिरतात. म्हणजे हात चालतो, बोटं चालतात. ज्या चित्रात ती कुणाची सेवा करत नाही, कुणाचं नाव लिहीत नाही, सण सजवत नाही, फक्त स्वतः बघते आणि स्वतः ठरवते, तिथंच अडचण येते. "यात आहे काय" या प्रश्नाखाली खरा प्रश्न असतो: यात आमच्यासाठी काय आहे?

जरा आठवा. अष्टाह्निकेत सिद्धचक्र विधान असतं. पहिल्या दिवशी ८ अर्घ्य, मग १६, मग ३२, असे रोज दुप्पट होत आठव्या दिवशी १०२४. त्या सगळ्यांसाठी मंडल मांडावं लागतं. मध्ये कमळ, भोवती वर्तुळावर वर्तुळ, रंगवलेले तांदूळ, रांगोळी. आदल्या रात्री गुडघे दुखेपर्यंत ते कोण मांडतं? आपण. त्यात माणूस नाही, झाड नाही, मोर नाही. रंग आहे, अंतर आहे, मोजमाप आहे. रोज पूजेच्या ताटात स्वस्तिक काढतो: चार गती, वर रत्नत्रयाचे तीन ठिपके, त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर आणि ठिपका. अख्खा संसार आणि त्यातून सुटका, चिमूटभर अक्षतांत! अमूर्त चित्रकलेचा रियाज आपल्या आज्या-पणज्या करत आल्या. विधान संपलं की मंडल उचललं जातं आणि फोटो निघतो तो मुकुट घातलेल्या इंद्रांचा. कागदावरचं चित्र उचलून टाकता येत नाही. ते उरतं आणि खाली सही मागतं, तिथंच ठेच लागते.

आणि शाई! शाईवर तर आपला पहिला हक्क आहे. भगवान ऋषभदेवांनी जगाला षट्कर्म शिकवली: असि, मषि, कृषि, विद्या, वाणिज्य, शिल्प. मषि म्हणजे शाई. तलवारीनंतर लगेच तिचा नंबर. आणि लिपी पहिल्यांदा शिकवली कुणाला? भरताला नाही, बाहुबलीला नाही. ब्राह्मीला. सुंदरीला अंक शिकवले. बापानं दोन लेकींना जवळ बसवून अक्षरं आणि आकडे दिले, ही कथा आपण बालिका दिनाला कौतुकानं सांगतो. काळी शाई म्हणजे मुळात काजळी. तेलाच्या दिव्यावर ताटली उपडी धरून आपल्या आज्या बाळाच्या डोळ्यांसाठी काजळ धरायच्या, त्याच काजळीत डिंक घोटून आपल्या ग्रंथभांडारातल्या पोथ्या लिहिल्या गेल्या. त्याच काळ्या रंगाला आता "वास्तूला बरं नाही" म्हणायचं?

बाईला हे झेपतं का, असं ज्यांना विचारायचं आहे त्यांच्यासाठी एक नाव सांगते. नसरीन मोहमदी. १९३७ साली कराचीत जन्म, मुंबईत वाढल्या, लंडनला शिकल्या, १९७२ पासून बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवली. कागदावर पेन्सिल आणि शाई, केसासारख्या रेघा, बाकी कागद कोरा. गायतोंड्यांच्या सहवासाचा त्यांच्यावर परिणाम होता. पुढं मज्जासंस्थेच्या आजारानं शरीरावरचा ताबा सुटत गेला, आणि तरी कागदावरची रेघ सरळच राहिली. १९९० मध्ये अलिबागजवळ किहीमला त्या गेल्या. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं नवी इमारत उघडली तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत एक त्यांचं होतं. त्यांच्या घरच्यांनी ब्रश माळ्यावर टाकायला लावले असते तर?

मग करायचं काय? भिंत परत मागायला मी जाणार नाही. फ्लेक्स दोन पावसाळ्यांत आपोआप फिका पडेल. मागणी आपल्याच महिला मंडळाकडं आहे, कारण तिथं आपला हात चालतो.

दशलक्षण पर्वात आपण मुलांची रंगभरण स्पर्धा घेतो. छापील चित्र वाटतो, हत्ती, कलश, चौदा किंवा सोळा स्वप्नं. रेघेबाहेर रंग गेला की गुण कापतो. वर्षानुवर्षं पोरांना आपण हेच शिकवलं, की चित्र म्हणजे दुसऱ्यानं आखलेल्या रेघेच्या आत राहणं. पुढं हीच मुलं कमिटीत बसतात आणि रेघ दिसली नाही की घाबरतात. यंदा एक गट असा ठेवा, ज्यात प्रत्येक लेकराला एक कोरा जाड कागद, एक ब्रश, पाणी आणि शाई मिळेल. विषय देऊ नका. परीक्षक म्हणून त्याच सुनेला बोलवा, मानानं, नारळ आणि मानधन देऊन. "तुझं घरचंच आहे" म्हणून फुकटात नव्हे.

दुसरं. वर्षातून एकदा आपली सहल जाते, कुंथलगिरी, कचनेर, नाहीतर मुंबई. मुंबईला गेलो की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक तास द्या. तिथं जहांगीर निकोल्सन यांच्या संग्रहात गायतोंड्यांची चित्रं आहेत. त्या दिवशी कोणतं लावलेलं असेल ते असेल. सामायिक किती वेळाचं? एक मुहूर्त, ४८ मिनिटं. त्यातली पाच मिनिटं एका चित्रासमोर उभ्या राहा, फोटो न काढता, एकमेकींना न विचारता. आवडलं नाही तर नाही म्हणा, ठणकावून म्हणा. न आवडणं हा मतभेद झाला, त्याला उत्तर देता येतं. न बघता हसणं हा मतभेद नसतो.

आणि तिसरं सासवांसाठी, कारण आता आपण सगळ्या त्या वयात आलो. घरात कुणाच्या तरी माळ्यावर ब्रश असतील, नाहीतर हार्मोनियम, नाहीतर अर्धवट प्रबंध. शिडी आपल्याच हातात आहे. गठ्ठा खाली उतरवा, धूळ झटका, आणि जेवणाचं टेबल दुपारी दोन ते पाच मोकळं ठेवा. त्या तीन तासांत काय काढलं, त्यात काय आहे, ते कुणाच्या उपयोगाचं आहे, असलं काही विचारू नका. चहा तेवढा करून द्या.